विणंती अर्ज

त्या वर्षी आमच्या गावच्या शाळेतल्या साळवे बाईंविरुद्ध जामखेडला पंचायत समितीत जो निनावी अर्ज गेला, तो मी लिहिला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, तात्यांना नाही. ते दोघेही आता नाहीत. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण बायकोलाही सांगितलं नाही. गावात अजूनही चार माणसं बसली की कधीतरी त्या अर्जाची गोष्ट निघते. कुणी म्हणतं अमक्यानं लिहिला, कुणी म्हणतं तमक्यानं. सगळे हसतात आणि मीही त्यांच्यात बसून हसतो. मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. ‘चूक झाली तर सांगून टाकावी’ असं पोरांना रोज सांगतो, आणि सांगताना खिडकीबाहेर बघतो. आता मात्र लिहून टाकतो.

खर्ड्यापासून आत, माळ ओलांडून गेलं की आमचं गाव. दोन खणांचं पत्र्याचं घर, पुढं जरा ओटा. तात्या खर्ड्याच्या बाजारात मापाडी होते. मापाडी धान्य मोजताना ‘एक’ म्हणत नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, तीन. तात्यांच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की ताटात पहिली भाकरी पडली तरी ‘लाभ’ म्हणत, आणि आम्ही पोरं हसायला लागलो की डोळे वटारत. आई रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जायची. उजाडता उजाडता ती पाटी आणि खोरं घेऊन बाहेर पडायची. मग घरात एकच आवाज उरायचा, परातीत भाकरी थापल्याचा. मी त्या आवाजानं जागा व्हायचो, त्या आवाजावर पाढे पाठ करायचो, आणि तव्यावरची पहिली गरम भाकरी शेंगदाण्याच्या ठेच्याबरोबर खाऊन शाळेत पळायचो. तो आवाज माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या हातांचा होता. चौथी झाली आणि तिची शाळा सुटली होती. ‘सुटली’ असंच आम्ही म्हणायचो, जणू तिच्या हातून काही निसटलं होतं. ती शाळेत असताना माझ्याहून हुशार होती, हे मला माहीत होतं. ती घरी राहिल्यामुळे मी वेळेवर शाळेत पोचतो, हेही मला दिसत होतं. पण दिसतं ते बोलायचं वळण मला कधीच नव्हतं.

शाळा सातवीपर्यंत होती. दोन गुरुजी जामखेडहून एका मोटरसायकलवर यायचे आणि घंटा झाली की परत जायचे. माणसं वाईट नव्हती, पण सतत निघायच्या बेतात असल्यासारखी वागायची. साळवे बाई आल्या आणि त्यांनी शाळेला लागून असलेल्या खोलीत आपली ट्रंक ठेवली, तेव्हा गावाला आश्चर्य वाटलं. बाई नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. रविवारी खोलीच्या दारात बसून त्या भजनासारखी गाणी म्हणायच्या आणि पाण्याला जाणाऱ्या बायका हंडा टेकवून ऐकत उभ्या राहायच्या. तिशीतल्या, सडपातळ, बोलणं शहरी. पण आमच्या बोलण्याला त्या कधी हसल्या नाहीत. ‘न्हाई’ म्हटलं तर त्या म्हणायच्या, “हे घरचं. आता शाळेचं सांग.” दोन्ही त्यांना चालायचं.

त्यांची एक पद्धत होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या चौकट आखायच्या आणि वर लिहायच्या, ‘आपली चूक’. रोज वह्या तपासताना कुणाची तरी एक चूक त्या चौकटीत यायची. कुणाची, ते कधी सांगायच्या नाहीत. सगळ्या वर्गानं ती चूक आपलीच आहे असं समजून सोडवायची. ज्याची असायची त्याचे कान तापायचे, पण शेजाऱ्याला ते कळायचं नाही. आज प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हाला चांगल्या शिक्षकाची लक्षणं विचारतात, मोठ्या कागदावर रंगीत खडूंनी लिहायला लावतात. बाकीचे भराभर लिहितात. माझ्या डोळ्यांसमोर ती चौकट येते आणि मी खडू दुसऱ्याच्या हातात देतो.

माझी स्वतःची चूक त्या चौकटीत सगळ्यांत जास्त वेळा आली असेल. आमच्याकडं बोलण्यात ‘ण’ नाहीच. पानी, कोन, आनि. बाईंनी ‘ण’ शिकवला, जीभ टाळूला कशी लावायची ते दाखवलं, आणि मला तो इतका आवडला की मी तो जिथं तिथं घालायला लागलो. ‘पाणी’ बरोबर आलं, पण त्याच झपाट्यात ‘मण लावूण’ आलं, ‘अणुभव’ आला. शहाणपण दाखवायला गेलो की माझा ‘न’ हमखास ‘ण’ व्हायचा. बाई हसून चौकट आखायच्या.

बाई गावात येऊन वर्ष झालं असेल. शाळेबाहेरच्या पोरींची यादी करत त्या एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर आल्या. तात्या नुकतेच बाजारातून आले होते.

“मंगल कुठंय?”

“हाय की, चुलीम्होरं.”

“शाळेत का नाही?”

“आता तुमीच सांगा बाई. हिची आई तळ्याच्या कामावं, मी बाजारात, ह्यो शाळेत. मंग भाकऱ्या कोन थापनार?”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. “ह्याला दोन हात आहेत की.”

तात्या मांडीवर थाप मारून हसले. “ह्याला? अवो, ह्याला फुंकनी कुठल्या अंगानं धरत्यात त्ये ठावं न्हाई!”

“मग शिकेल. तीन दिवस तो, तीन दिवस ती. रविवारी त्यांची आई असतेच.” आणि बाई पदर खोचून सरळ चुलीपाशी जाऊन बसल्या. पहिली भाकरी त्यांनी स्वतः थापून दाखवली. ती इतकी वेडीवाकडी झाली की मंगल तोंडावर हात ठेवून हसायला लागली. दीड वर्षात ती तशी हसलेली मी बघितली नव्हती. शेवटी तात्या म्हणाले, “बरं. तुमी हाय तवर जाऊ द्या पोरीला. पन तुमी गेला की शाळा बास. दुसऱ्या मास्तरच्या भरवशावं मी पोर न्हाई धाडनार.”

मंगल पाचवीत बसली. मी सातवीत होतो. बाईंनी अशी वाटणी सहा-सात घरांत लावून दिली, पण चिडवाचिडवी सगळी माझ्याच वाट्याला आली, कारण आमची चूल ओट्यावरून दिसायची. दिनू नावाचा माझा दोस्त सकाळी मुद्दाम दारावरून जायचा. “काय संपाबाई, भाकरी फुगली का गं?” संप्याची त्यानं संपाबाई केली. मग त्याच्यामागं दहा पोरं. बोटं भाजायची, पीठ कोपरापर्यंत जायचं. माझ्या पाळीच्या दिवशी सगळ्यांनी करपलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. तात्या तुकडा मोडून म्हणायचे, “लाभ! कोळशाचा.” मी पहिला नंबर असलेला मुलगा, आता पहिल्या घंटेलाही पोचायचो नाही. मंगल मात्र आपल्या दिवशी अंधारात उठून सगळं उरकायची आणि माझ्याआधी शाळेत असायची.

दोन-तीन महिन्यांनी बाईंनी आम्हाला अर्जलेखन शिकवलं. ‘प्रति’ कुठं, ‘विषय’ कुठं, ‘महोदय’ कुठं. मला ते फार आवडलं. कागदावर एवढं मांडून लिहिलं की कुठंतरी बसलेला साहेब हलतो, ही गोष्ट मला जादूसारखी वाटली. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर नदीकाठच्या बाभळीखाली बसून मी एक अंतर्देशीय पत्र पुढ्यात घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं. ‘विणंती अर्ज. विषय : साळवे बाई यांची बदली होणेबाबत.’ खाली तीन मुद्दे घातले. बाई मण लावूण शिकवीत नाहीत. पाचवीच्या मुलांस वाचता येत नाही. बाई मुलग्यांस बायकांची कामे करावयास लावतात. आणि सही, ‘समस्त ग्रामस्थ’. तेरा वर्षांचा मी, समस्त ग्रामस्थ. बाजारच्या दिवशी तात्यांच्या मागं सायकलवर बसून खर्ड्याला गेलो आणि पत्र पेटीत टाकलं.

मला मंगलची शाळा बंद पाडायची नव्हती, फक्त बाईंना धडा शिकवायचा होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. तात्यांची अट मी माझ्या कानांनी ऐकली होती. बाई गेल्या की मंगल चुलीपुढं आणि मी पुस्तकापुढं, एवढं गणित मला नीट येत होतं.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका दुपारी फटफटीवरून विस्तार अधिकारी आले. जाडसर, घामाघूम, पण मिश्किल गृहस्थ. त्यांनी शाळेच्या पटांगणात लिंबाखाली खुर्ची मागवली, सरपंचांना आणि गावकऱ्यांना बोलावणं धाडलं. अर्ध्या तासात पटांगण भरलं. तळ्याच्या कामावरच्या बायकांची तेव्हा जेवणाची सुट्टी होती. त्या पाट्या-खोऱ्यांसकट आल्या आणि भिंतीच्या सावलीत बसल्या. त्यांच्यात आई होती. तात्याही त्या दिवशी घरीच होते. साहेब म्हणाले, “तुमच्या गावानं बाईंची बदली मागितली आहे.”

“गावानं?” सरपंच उभेच राहिले. “आमी कवा मागितली?”

“समस्त ग्रामस्थ अशी सही आहे.” साहेबांनी खिशातून माझं निळं पत्र काढलं. “पाचवीच्या मुलांना वाचता येत नाही, असंही लिहिलंय. मग असं करू. पाचवीतलंच एक पोर उठू दे. तेच हा अर्ज वाचेल. आलं वाचता तर एक मुद्दा इथंच निकालात निघाला.” त्यांनी नजर फिरवली आणि कडेला बसलेल्या मंगलकडं बोट केलं. “तू गं. ऊठ.”

मंगल उठली. मी सातवीच्या रांगेत, तिच्यापासून दहा पावलांवर. तिनं पत्र दोन्ही हातांनी धरलं, एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली. तात्या पुटपुटले, “येत न्हाई वाटतं.” तेव्हा तिनं मान वर केली.

“साहेब, हितं चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“विनंती. ह्यात ‘न’ पायजे. ह्यानं ‘ण’ काढलाय.”

साहेबांनी पत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि गडगडून हसले. “अरे, खरंच की! मी चार वेळा वाचलं, मला नाही दिसलं!” सगळं पटांगण हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या फळ्यावरची चूक बघावी तशा शांतपणे समोर बघत होत्या, आणि त्यांनी सातवीच्या रांगेकडं मान वळवली नाही. न वळवण्यातच मला कळलं, की त्यांना कळलं.

मंगलनं सगळा अर्ज वाचला. खणखणीत, न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून. दीड वर्ष शाळेबाहेर राहिलेली, परत बसून तीन-चार महिने झालेली पोर. ‘बाई मुलग्यांस बायकांची कामे करावयास लावतात’ हे वाक्य आलं आणि भिंतीकडून आवाज फुटला. माझी आई. चार माणसांत ती कधी बोलायची नाही. ती उठून उभी राहिली, हातात खोरं तसंच.

“साहेब, आमी हितं दगड-माती वाहतो. ती कुनाची कामं हायती? बायकांची का बाप्यांची?”

“ते… सगळ्यांचीच.”

“मंग भाकर सगळ्यांचीच. माझं पोरगं थापतंय, करपवतंय, पन थापतंय. हात झडलं न्हाईत त्येचं.” आणि माझ्याकडं वळून, “व्हय का न्हाई रं, संप्या?”

मी “व्हय” म्हणालो. त्या दिवसातला माझा तेवढा एकच शब्द.

बायकांनी कालवा सुरू केला. ज्यानं अर्ज लिहिला त्याला महिनाभर चुलीपुढं बसवा, असं एक म्हातारी ओरडली. साहेबांनी हात वर केला. “अर्ज निकालात काढला. पण बाई, आता मी तुम्हाला विचारतो. नगरजवळ एक जागा रिकामी आहे. तुम्हाला हवी असेल तर आजच शिफारस करतो. राहायचंय इथं?”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “खरं सांगू का साहेब? जायचं मनात होतं. माझा स्वतःचा बदलीचा अर्ज ट्रंकेत लिहून ठेवलेला आहे.”

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. पुढच्याच क्षणाला मंगलचा चेहरा दिसला. ती पत्र हातात घेऊन तशीच उभी होती आणि तात्यांकडं बघत होती, आणि तात्या जमिनीकडं. त्या दोघांच्या मधली ती अट फक्त आमच्या घराला माहीत होती. त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, बाईंनी राहावं असं मला मनापासून वाटलं.

आई खोरं टेकत पुढं आली. “बाई, आमचं काय चुकलं? काय कमी पडतं तुमाला?”

बाईंनी भोवतीच्या पुरुषांकडं बघितलं. आईनं कान जवळ नेला. बाई तिच्या कानात दोन-तीन वाक्यं बोलल्या. आईचा चेहरा आधी उतरला, मग तापला. ती गावाकडं वळली. “दीड वर्स झालं, बाईला आडोसा न्हाई! तांबडं फुटायच्या आत माळावं जावं लागतं ह्या बाईला, आनि दिवसभर पानीसुदिक पीत न्हाई ती. पोरं शिकवत्यात आमची, आन आमाला एक संडास बांधता येईना? लाज वाटू द्या!”

गाव खरोखर लाजलं. सरपंच काहीतरी ठरावाचं बोलायला लागले, तेवढ्यात तात्या उठले. मापाच्या ढिगापुढं उभं राहावं तसे उभे राहिले आणि बाजारातल्या आवाजात ओरडले, “दगड मी आननार. लाभ!” मागून कुणी म्हणालं, वाळू माझी. तात्या म्हणाले, “दोन!” सिमेंट, तीन. गवंडी, चार. दार, पाच. साहेब खुर्चीवर बसून हसत होते, बाई डोळे पुसत होत्या, आणि बायका प्रत्येक आकड्याला पाट्या आपटत होत्या. तसा आवाज मी नंतर कुठल्याच सभेत ऐकला नाही.

आठ दिवसांत संडास आणि न्हाणी उभी राहिली. खड्डा बायकांनीच खणला, खणायची सवय त्यांनाच होती. दाराला आतून कडी तात्यांनी स्वतः बसवली आणि चार वेळा लावून-काढून बघितली. त्या दिवशी आईनं हुलग्याचे शेंगोळे केले आणि पातेलं घेऊन आम्ही सगळे बाईंच्या खोलीवर गेलो. बाईंनी ट्रंकेतला आपला बदलीचा अर्ज काढून चुलीत घातला आणि त्यावर शेंगोळे परत गरम केले. बाई पुढं नऊ वर्षं आमच्या गावात राहिल्या.

आता बदल्या संगणकावर होतात. बटण दाबलं की माणूस पारनेरहून कर्जतला. गावं शाळेला कुलपं ठोकतात, मोर्चे काढतात, पेपरात फोटो येतात, आणि शिक्षक तरीही जातो. मी पाच गावांत नोकरी केली. ज्या दोन गावांतून निघवेना, तिथं कुणीतरी येऊन विचारलं होतं, गुरुजी, तुम्हाला काय कमी पडतं? बाकीच्यांनी माझा सत्कार केला.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तो पाय ओढतच. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखलेली होती. ‘आपली चूक : विणंती’. बाईंनी सगळ्या वर्गाला विचारलं, न कुठं, ण कुठं. मन आणि मण, वन आणि वण. सगळ्यांनी पाटीवर लिहिलं. दिनूचं चुकलं, माझं बरोबर आलं. बाई माझ्या पाटीवर बरोबरची खूण करून पुढच्या पोराकडं गेल्या. ना थांबल्या, ना खांद्यावर हात ठेवला, ना आवाज बदलला. दोन वर्षांपूर्वी नगरला त्यांच्या घरी गेलो होतो, खूप थकल्यात. सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी चहा दिला, मंगलचं विचारलं, तिची मुलं काय करतात ते विचारलं, आणि मी उठून आलो.

मंगल खर्ड्याच्या हायस्कूलला गेली, जामखेडला कॉलेजला गेली, परीक्षा देऊन तलाठी झाली. तिच्या पहिल्या नेमणुकीच्या गावी तात्या काहीही काम नसताना गेले आणि चावडीत लोकांच्या रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, “नाव?” त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि मग बापलेक दोघं हसत सुटले. परत येताना एसटीत, ओळख ना पाळख, शेजारी बसेल त्याला ते सांगत आले, “माझी पोरगी सातबारा देती.” आज ती मंडळ अधिकारी आहे. पोरींची शाळा मध्येच बंद करणारा बाप तिच्या हद्दीत सापडला, तर ती चपला न काढता त्याच्या ओट्यावर चढते, असं लोक म्हणतात.

तिनं त्या दिवशी माझं अक्षर ओळखलं होतं का, मला माहीत नाही. तिनं कधी विचारलं नाही आणि मी तिला कधी विचारू दिलं नाही. माझ्या वाटणीच्या भाकऱ्या तिनं दीड वर्ष थापल्या, आणि त्या पुन्हा तिच्याच वाट्याला याव्यात म्हणून मी अर्ज केला. हे तिनं छापील पुस्तकात वाचू नये, समोर बसून माझ्या तोंडून ऐकावं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.